वस्तू शेवटी परत मिळतील

लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या घरातली बॉक्सरूम, म्हणजे अडगळीची छोटी खोली, हाच माझा स्टुडिओ. जुन्या रेकॉर्ड्सवरचा आवाज मी कॉम्प्युटरवर उतरवते. भुताखेतांशी माझं देणंघेणं नाही. माझं भांडण खरखरीशी.

मिल्काआंटी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून एक तबकडी घेऊन आल्या. दुसऱ्या महायुद्धाआधीचा, रेडिओवरचा व्हरायटी शो. त्यात त्यांचे वडील, सियोन पेणकर. डोळ्यांवर पट्टी बांधून प्रेक्षकांच्या वस्तू ओळखायचे. आंटी पोटात असतानाच ते बॉम्बिंगमध्ये गेले. ऐंशी ओलांडली, तरी या बाईंनी बापाचा आवाज ऐकला नव्हता.

"रेडिओवरसुद्धा पट्टी? कोण बघणार होतं, आंटी?"

"पट्टी, फेटा, तोंडाला पावडर, सगळं! सवय गं. मम्मी ट्रे घेऊन प्रेक्षकांतून फिरायची, वस्तू गोळा करायची. शो संपला की ज्याची त्याला परत."

तबकडीवरचा थर पापुद्र्यासारखा सुटत होता. "एकदाच वाजेल हं," मी बजावलं. शिवाय मला लेकीला, तनिषाला, शाळेतून आणायचं होतं, त्यामुळे एक डोळा घड्याळावर.

दोघींनी हेडफोन लावल्यावर आंटींचं ऐकू येण्याचं कानातलं मशीन शिट्टी मारायला लागलं. त्यांनी ते काढून मुठीत धरलं. मी आवाज वाढवला आणि सुई टेकवली.

टाळ्या. पियानो. मग ट्रेवाल्या बाईचा, म्हणजे आंटींच्या मम्मीचा, खणखणीत इंग्लिश आवाज: "प्रोफेसर, माझ्या हातात काय आहे?"

"खिशातलं घड्याळ."

आंटींनी माझं मनगट पकडलं. "बाबा," त्या म्हणाल्या. एकीकडे रडत होत्या, एकीकडे हसत होत्या.

"आणि या बाईंच्या मुठीत?"

शांतता. लाइव्ह रेडिओवर इतका वेळ कुणी गप्प बसत नाही. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं.

"कान," ते अडखळले. "छोटासा कान. अजून गरम आहे."

प्रेक्षक खो खो हसले. मी नाही.

तेवढ्यात थर उचलला जायला लागला आणि सवयीने मी सुई काढली.

"अगं बाई, थांबवलंस का? वस्तू शेवटी परत देतात ना!"

पुन्हा सुई टेकवायला गेले, तर पापुद्रा सोलूनच निघाला. पुढचं काही उरलं नाही.

आंटींनी मूठ उघडली. रिकामी. खुर्चीखाली, कार्पेटवर, त्यांच्या पर्समध्ये, सगळीकडे शोधलं. "पडलं असेल कुठेतरी," मी म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी तनिषाला घेऊन शाळेतून निघाले आणि त्यांचा फोन आला.

"आंटी, नवीन मशीनसाठी अपॉइंटमेंट घेऊ का?"

"नको गं. त्या कानाने आता छान ऐकू येतंय." आवाज किती खूश! "प्रेक्षक अजून बसून आहेत. मम्मी ट्रे घेऊन फिरतेय."

"तुम्ही घरी एकट्याच आहात का?"

"थांब, थांब. मम्मी विचारतेय, सुई काढली त्या मुलीच्या हातात काय आहे?"

मी रस्त्यातच थांबले.

"बाबा काय म्हणाले?" विचारायला नको होतं.

"हात म्हणाले. छोटासा. बोटांना निळा रंग लागलाय."

मी खाली तनिषाच्या बोटांकडे बघितलं. शाळेत आज पेंटिंग होतं.

फोनमध्ये टाळ्या सुरू झाल्या.

"मम्मा, दुखतंय," तनिषा म्हणाली.

घरी आले, दार लावलं. तो हात मी अजून सोडलेला नाही.