लाल क्रूसाची चिठ्ठी

पितरांच्या शनिवारी सकाळी अर्गिरिसचा चष्मा सापडेना, आणि सगळा घोळ तिथूनच झाला.

आन्द्रोस बेटावर त्या दिवशी घरोघरी मेलेल्यांसाठी गव्हाच्या घुगऱ्या शिजतात आणि चर्चमध्ये पाद्री चिठ्ठ्यांवरची नावं वाचतो. लाल क्रूसाची चिठ्ठी जिवंतांच्या आरोग्यासाठी, काळ्या क्रूसाची मृतांच्या शांतीसाठी. अर्गिरिस सडाफटिंग. जिवंतांत तो फक्त स्वतःचं नाव लिही. मृतांत मात्र आठ, सगळे 'पेलागिया' तोफनौकेवरचे त्याचे सोबती, एकेचाळीसच्या एप्रिलात बुडालेले.

लिहिताना एकेक जण डोळ्यांपुढे येई. खाऱ्या पाण्याने दाढी करून गाल सोलून घेणारा फोतिस. घेवड्याच्या आमटीत हमखास काजळी पाडणारा आचारी व्रासिदास. आणि शेवटी नेक्तारिओस, बोटीच्या तळात कोळशाची भट्टी पेटती ठेवणारा. त्याला तलफ आली की तो पान्याने भट्टीखान्याच्या लोखंडी झाकणावर खालून तीन ठोके मारी.

"अर्ग्या, मी इथे भाजतोय आणि तू वर हवा खातोस होय रे?"

मग तोफेवरचा अर्गिरिस झाकण किलकिलं करून पेटती सिगारेट दोरीने खाली सोडी. नेक्तारिओस अर्धी ओढून उरलेली वर पाठवी. "ही तुझी. नुसत्या हवेने पोट नाही भरायचं तुझं!"

नेक्तारिओसची बायको मारूलिया शेजारच्याच गल्लीत राहत होती. "बॉम्ब पडला त्याच क्षणी तो गेला, वहिनी. त्याला काही कळलंसुद्धा नाही," असं अर्गिरिसने तिला सांगितलं होतं. सव्वीस वर्षं तिने त्या एका वाक्यावर काढली होती.

चर्चमध्ये नव्या पाद्र्याने जिवंतांची नावं वाचायला घेतली. "आरोग्य आणि दीर्घायुष्यासाठी... फोतिस, व्रासिदास..."

चष्म्याशिवाय लिहिताना अर्गिरिसकडून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. आठवं नाव आलं तेव्हा मारूलियाच्या हातातली मेणबत्ती खाली पडली.

थोड्या वेळाने, मृतांच्या शांतीसाठी: "अर्गिरिस."

"अगं बाई, हा तर इथे उभा आहे!" मागे कुणीतरी म्हातारी फिस्सकन हसली.

"मनाला लावून घेऊ नका, आजोबा," पाद्री नंतर म्हणाला, "पुढच्या शनिवारी सुधारून घेऊ."

भुताखेतांवर अर्गिरिसचा काडीचाही विश्वास नव्हता. घरी येऊन त्याने आधी चष्मा शोधला. तो उशाखाली होता. दुपारी लख्ख उन्हात मारूलिया घुगऱ्यांची ताटली घेऊन आली. ती अंगणात, पावसाच्या पाण्याच्या हौदापाशी बसली. जमिनीत खोल खणलेला हौद, वर लोखंडी झाकण.

झाकणावर खालून तीन ठोके पडले.

"पाणी हिंदकळत असेल," अर्गिरिस म्हणाला.

पुन्हा तीन.

मारूलिया झाकणाकडे बघत राहिली. "जेवताना ताटावर असेच ठोकायचे ते. सिगारेट हवी असली की." मग तिने मान वर केली. "भावजी, त्या दिवशी ठोके आले होते?"

"नाही, वहिनी. सांगितलंय ना तुम्हाला..."

पुन्हा तीन. या वेळी झाकण थरथरलं.

"आले होते," अर्गिरिस म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. "पाणी चढत होतं. कप्तान म्हणाला, झाकण लाव, नाहीतर सगळेच जाऊ. मी लावलं. उघडू नये म्हणून वर बसलो."

"किती वेळ?"

"बोटी सुटेपर्यंत."

"ते किती वेळ ठोकत होते, ते विचारतेय मी."

"बोटी सुटेपर्यंत, वहिनी."

ती रडली नाही. मांडीवरचं काही सांडू नये तशी जपून उठली. "मग द्या त्यांना," ती म्हणाली.

चौथ्या काडीला सिगारेट पेटली. त्याने झाकण किलकिलं केलं. आतून जळत्या कोळशाचा गरम वास आला. सकाळी याच हौदातून त्याने पाणी शेंदलं होतं. त्याने सिगारेट दोरीला बांधून खाली सोडली. पाणी जिथे लागायला हवं, त्याच्याही खाली दोरी जात राहिली.

मग कुणीतरी ती धरली.

अर्गिरिसला दोरी सोडवेना आणि ओढवेना.

खालून दोन हलके हिसके आले. त्याने दोरी वर घेतली. ती निथळत होती. टोकाला सिगारेट होती. कोरडी, पेटलेली, बरोबर अर्धी. कागदावर काजळीच्या बोटाचा ठसा होता.

तो ती फेकायला गेला.

"अंहं," मारूलिया म्हणाली. सव्वीस वर्षांत तिने त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. "तुझी आहे. ओढ."

तिने घुगऱ्यांची ताटली कट्ट्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी झाकण पुरतं बाजूला सारलं.