दुधीचं ताट

थोरल्या नातवाचं जावळ काढलं ते साल दोन हजार सतरा. शंभर पानांचं मटण मी चुलीपाशी उभी राहून केलं, दमून चार घास जास्तच खाल्ले. तिसऱ्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजला.

जळगावच्या दवाखान्यात बाकावर बसले होते. शेजारी एक गृहस्थ... एका पायात बूट, दुसरा सुजलेला पाय मांडीवर.

"तुमना बी अंगठा का?"

"हो."

"मंग सरका थोडं. आपला पाय एकमेकले लागाले नको."

नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. परक्या माणसासमोर पहिल्यांदाच हसले.

त्यांचं नाव नवल. धुळ्याच्या एसटीतून निवृत्त, बायको वारलेली, मेहरूणला लेकीकडे आलेले. आम्हीही मेहरूणचेच. डॉक्टरांनी दोघांना एकच सांगितलं — युरिक अ‍ॅसिड वाढलंय. मटण, कलेजी, दारू बंद. वजन उतरवा, भरपूर पाणी प्या. सूज गेली की रोज चाला.

सूज गेली. मेहरूणच्या तलावाकाठी सकाळी गाठ पडू लागली. पथ्य मोडायचं नाही, असा शब्द आम्ही एकमेकांना दिला.

"बेबाबाई, काल कितला तांब्या पाणी?"

"चार."

"खोटं. तोंड सुकेल शे तुमनं."

"माझ्या तोंडाकडे बघता की रस्त्याकडे?"

"रस्ता माले पाठ शे."

मी मान खाली घातली. चाळीस वर्षं सगळ्यांना वाढलं... पाणी प्यालीस का, असं कुणी विचारलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात ते चालता चालता थांबले.

"मी धुळ्याले परत जाई राहिनू. एकला चालानं आते जिवावर येस. तुम्ही... चला ना. लगीन करीसन."

"हितेंद्रला विचारा," मी म्हटलं. हितेंद्र माझा मुलगा. "तो नाही म्हणाला तर भांडायची ताकद नाही माझ्यात."

रविवारी ते घरी आले. हितेंद्रने मानाचं म्हणून मटण करायला लावलं. आमच्याकडे पाहुण्याने ते नाकारलं तर घराचा अपमान. तो स्वतः वाढायला वाकला. नवलनी ताटावर हात धरला.

"भाऊ, माले हाई चालत नई."

"एक दिवस खाल्लं तर काय मरतो का माणूस?"

"बेबाबाईले शब्द देल शे."

हितेंद्रचा चेहरा उतरला. "आमच्या घरचं अन्न चालत नाही, आणि घरची आई चालते?"

नवल उठायला लागले. भरल्या ताटावरून पाहुणा उठला की बोलणंच संपतं.

मी सकाळपासून उभी होते. पाठ भरून आली होती. कढईत माझ्यापुरती दुधीची भाजी होती. दोन ताटांत ती वाढली, ज्वारीची भाकरी ठेवली. एक ताट नवलपुढे सरकवलं आणि दुसरं घेऊन त्यांच्या शेजारी बसले. आमच्या घरात बाया पुरुषांनंतर जेवतात.

"आई, तू आत्ता...?"

"थकले रे. बसू दे." घास मोडला. "मी यांच्याबरोबर जेवणार. इथं... आणि धुळ्यालाही."

नवल परत खाली बसले. माझ्याकडे बघितलं नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते.

हितेंद्रने हातातली पळी मटणाच्या पातेल्यात ठेवली. मग बायकोला म्हणाला, "दिपमाला, पाणी आण. दोघांना."

धुळ्यात आम्ही पाच वर्षं रोज सकाळी चाललो. नवल ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हृदयविकाराने वारले. वय सत्तर.