लिनक्स निवडलं त्या दिवशी

श्रावणातली भुरभुर चालू होती. कंपनीच्या गेटवर एका तरुणाला अडवून ठेवलं होतं; त्याच्या लॅपटॉपचा नंबर पासवर नव्हता. सही द्यायला विजयश्री खाली आली तेव्हा तो निम्मा भिजला होता, पण लॅपटॉपची बॅग त्याने पोटाशी घट्ट धरली होती.

“मी कुलदीप. तुमच्या नव्या सर्व्हरसाठी आमची सिस्टीम दाखवायला आलोय... आत घेतलंत तर!”

ती हसली. कितीतरी दिवसांनी.

परभणीहून येऊन तिला वर्ष झालं होतं. कुरुळीतल्या या कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं ती एकटीच बघायची. काही बंद पडलं तरच लोक हाक मारत. संध्याकाळी भाड्याची खोली, आईचा फोन... आणि मग नुसती शांतता.

माल पुरवणाऱ्यांसाठी कंपनीची वेबसाइट सुरू व्हायची होती. ती चालवणाऱ्या सर्व्हरवर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम घालायची, कुलदीपकडची विकतची की मोफत मिळणारं लिनक्स, हे तिनेच ठरवायचं होतं. विकतची घेतली, तर देखभालीला दर पंधरवड्याला तोच येणार होता.

चाचणीसाठी तो तीन आठवडे येत राहिला.

“मॅडम, डबा एकट्याच खाता?”

“सर्व्हर जेवत नाही ना.”

“मी जेवतो की!”

तिच्या शेंगदाण्याच्या चटणीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने पुन्हा मागून घेतली. तो येणार नसेल त्या दिवशी तिला डबा उघडावासाच वाटेना.

पण वेबसाइट लिनक्ससाठीच बनवलेली होती, आणि तिथेच ती सुरळीत पळत होती. विजयश्रीने चाचणी तीनदा केली. निकाल बदलेना. अहवालात उलटं लिहिलं असतं तरी कुणी तपासणार नव्हतं. दुपारभर ती कीबोर्डवर हात ठेवून बसली. शेवटी तिने खरं तेच लिहिलं.

तो आला तेव्हा तिने मान वर केली नाही. “मी लिनक्स निवडलं, कुलदीप.”

“निवडणारच होतात. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर... येणं थांबलं असतं.”

त्याने बॅग खांद्याला लावली आणि तो दारापर्यंत गेला.

“ऐका ना –” तिने मागून हाक मारली. “रविवारी मला सुट्टी असते. आळंदीला, घाटावर... याल?”

“काही काम?”

“नाही हो. नुसतंच.”

तो परत आला. बॅग खाली ठेवून तिच्याशेजारची रिकामी खुर्ची त्याने ओढून घेतली.

“रविवारला अजून चार दिवस आहेत, विजयश्री,” तो म्हणाला. “तोवर काय करायचं?”