घोडा मोकळा हाय का?

कॅलेंडरवर आजच्या तारखेला, शुक्रवारी, भोक पडलं होतं. कॅलेंडरमागे पत्रा, पत्र्यापलीकडे खाट आणि खाटेवर सूर्यभान. घोडेगावच्या बाजारातून गुरांचे सौदे उरकून आला, घटकाभर आडवा झाला, तो उठलाच नाही.

फौजदार प्रज्ञा साळवेंना हे फार लागलं. सकाळीच त्याचा फोन आला होता, "म्याडम, सांजच्याला ठाण्यात येतो. घरचंच गाऱ्हानं हाय. पावत्या माझ्या नावावर, गुरं भलत्याचीच."

त्याची बायको सविता भिंतीला टेकून एकच घोकत होती, "म्याच मारलं."

तळहाताएवढं पिस्तूल तिच्याच नावावर होतं. मागल्या साली घरात दरोडा पडला, तेव्हा तिने लायसन्स काढलं, नगरला जाऊन रीतसर शिकली. रोज चार वाजता रिकाम्या पिस्तुलाने त्या दिवसाच्या तारखेवर नेम धरायची आणि चाप ओढायची. आज ते रिकामं नव्हतं.

मॅगझिन मात्र फळीवर काढून ठेवलेलं, गच्च भरलेलं. म्हणजे एकच गोळी नळीत होती. ती राहिली, की कुणी ठेवली?

"पिस्तुलाचं तेलपाणी कोण करतं?" प्रज्ञांनी विचारलं.

"दादाच," धाकटा दीर कल्याण म्हणाला. "म्या महिन्यात हात लावला न्हाई."

त्याची नखं पातळ तेलाने चकाकत होती.

"बार झाला तेव्हा कुठे होतास?"

"मागं, गोठ्यात."

तेवढ्यात शेजारची मनकर्णाबाई पुढे झाली. "बाई, बार उडायच्या जरासंच आदी मला आवाज आला. सविता इचारत हुती, 'घोडा मोकळा हाय का?' बाप्या मानूस बोलला, 'मोकळाच हाय.' इथं कुनाकडं घोडा हाय वो?"

"व्हय, व्हय!" कल्याण घाईने म्हणाला. "बाजारातला घोडा सुटला हुता. म्या वहिनीला तेच सांगत हुतो."

प्रज्ञांनी मान डोलावली. बेटा आपल्या पायांनी खोलीत आला होता.

"आत्ता तर तू गोठ्यात होतास! आणि जनावर सुटलं की माणूस 'सुटलं, सुटलं' म्हणून बोंब ठोकतो. मोकळं आहे का, असं विचारत बसतो होय? सविताताई, घरात पिस्तुलाला काय म्हणता?"

"घोडा," सविता पुटपुटली.

"आज तो हातात कुणी दिला?"

तिने दिराकडे पाहिलं. "भावजींनी. पुसून देतो म्हनले."

"हात पुढे कर," प्रज्ञा कल्याणला म्हणाल्या. त्याच्या बोटांना पिस्तुलाच्या तेलाचाच वास होता. "साफ करता करता नळीत एक गोळी सरकवलीस. मॅगझिन बाहेर दिसलं की वहिनी फसणार, चारला तारखेवर नेम धरणार, पलीकडे भाऊ झोपलेला असणार, सगळं तुला ठाऊक. चोरीची गुरं त्याच्या नावावर खपवत होतास ना? त्याचं गाऱ्हाणं तेच होतं."

"मला आत घालनार हुता सख्खा भाऊ!" कल्याण ओरडला. शिपायाने त्याचं मनगट धरलं.

प्रज्ञा सविताजवळ खाली बसल्या. "ताई, खून त्यानं केला. तुम्ही नाही. तुम्ही विचारलं होतंत."

सविताने कॅलेंडरवरच्या भोकाकडे पाहिलं आणि तिला हुंदका फुटला.

"शिकवताना सर रोज सांगायचे, म्याडम. इचारायचं नसतं, आपल्या डोळ्यांनी बघायचं असतं. म्या नुसतं इचारलं."