न दिलेला डिपर

वीज गेली तेव्हा काकांच्या दुकानात तीन सन्मानचिन्हं कोरून झाली होती आणि दोन बाकी होती. मशीन मध्येच थांबलं. उद्या सकाळी रुग्णवाहिकेवरच्या माणसांचा आणि अपघातात धावून जाणाऱ्या स्वयंसेवकांचा सत्कार होता. ट्रॉफ्या न्यायला आलेली चौघं तरुण मंडळी काउंटरसमोरच्या बाकावर अडकून पडली. चौघंही याच वर्षी स्वयंसेवक झालेली.

काकांनी मेणबत्ती लावली. "बसा निवांत. वीज माझं ऐकत नाही. तसं माझं ऐकणारं या घरात कुणीच नाही, विचारा काकूला."

आतून काकूंचा आवाज आला, "ऐकतेय मी."

पोरं हसली. त्यातली एक मुलगी काचेच्या कपाटाकडे बघत होती. सगळ्यात वरच्या फळीवर एक ट्रॉफी एकटीच उभी होती. "काका, ही कोरलेली आहे, मग नेली का नाही कुणी?"

काकांनी मेणबत्ती थोडी बाजूला सरकवली. "तुम्ही घाट उतरूनच जाणार ना?"

"हो."

"मग ऐकूनच जा. ऐकीव काही सांगत नाही. ज्याची ही ट्रॉफी, तो तू बसलीस तिथेच बसला होता."

तो घाटाखालच्या लहान रुग्णालयाच्या गाडीवर ड्रायव्हर. सगळे त्याला भोंगा म्हणायचे, कारण सायरन वाजवायची त्याला भारी हौस. डिझेल भरायला निघाला तरी वाजवणार. गाडीत पेशंटजवळ बसणारा ब्रदर त्याला म्हणायचा, "अरे, टाकी रिकामी आहे, तिला काही अटॅक आलेला नाही." पण गाडी चालवावी तर भोंग्यानेच. खड्ड्यातून गेला तरी आतल्या पेशंटची सलाईन हलायची नाही.

घाटाच्या मध्यावर, मोठ्या वळणाशी, बॅटरीमामांचं पंक्चरचं दुकान होतं. मामा ना सरकारी, ना पगारी. वळणावर काही आदळल्याचा आवाज आला की हातातलं टायर टाकायचं, लांबलचक लोखंडी बॅटरी उचलायची आणि धावायचं. जखमींना उचलायला चार हात मिळतात, पण वरून येणाऱ्या गाड्यांना थांबवायचं कुणाला सुचत नाही. ते काम मामांचं. वळणाच्या वरच्या अंगाला एकटे उभे राहून बॅटरी गुडघ्याच्या उंचीवर हलवत राहायचे. डावीकडे, उजवीकडे. डावीकडे, उजवीकडे.

एक नियम मामांनीच घालून दिला होता. पूर्वी एकदा, काम संपलं असं वाटून, ते जागेवरून हलले होते आणि मागून एक टेम्पो सरळ माणसांत घुसला होता. तेव्हापासून ठरलं, की शेवटचा जखमी गाडीत चढला की भोंग्याने गाडीचं तोंड वर वळणाकडे करायचं आणि एकदा डिपर द्यायचा. दिवे मोठे, दिवे बारीक, बस. तो दिसला की मामा बॅटरी खाली करणार, बंद करणार, येऊन मागच्या बाकावर बसणार आणि मधल्या पत्र्यावर दोनदा ठोकणार. म्हणजे, चल. खाली घर लागलं की उतरणार. डिपर मिळाल्याशिवाय जागा सोडायची नाही. धुक्यात हाक पोचत नाही, आणि सायरनचा उपयोग नाही, कारण तो तर भोंगा काय, येता-जाता वाजवतच असतो.

त्या हिवाळ्यात सहलीची एक मिनीबस वळणाखाली कलंडली. धुकं इतकं, की आपलाच हात परका वाटावा. भोंग्याने खाली-वर खेपा केल्या. शेवटच्या खेपेला एक बाई होती. ब्रदर आतून ओरडला, "चल, नाडी लागत नाहीये." भोंग्याने गाडी सोडली ती थेट रुग्णालयाच्या दारात. बाई वाचली.

तोंड वळवायला दोन मिनिटं लागली असती. ती त्याने दिली नाहीत, आणि त्याबद्दल कुणी त्याला बोल लावला नसता. पण नंतर पेशंट आत गेले, कुणीतरी त्याचा फोटो काढला, कुणीतरी हातात चहा दिला. पहिल्या घोटालाच त्याला आठवलं. डिपर राहिला. मामा वर उभे आहेत.

तो कप हातात घेऊन गाडीकडे बघत राहिला. मग मनाशी म्हणाला, कळेल त्यांना. जातील घरी. अंग मोडून आलं होतं. तो आत जाऊन झोपला.

पहाटे सिमेंटच्या ट्रकने मामांना उडवलं. ट्रकवाला रडत सांगत होता, बत्ती हलताना दिसली, पण दिसली तेव्हा उशीर झाला होता.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, तेव्हा भोंगा म्हणाला, "मी डिपर दिला होता."

एवढंच वाक्य. पण त्याच्या पुढचं लोकांनी आपणच लावून घेतलं. डिपर मिळूनही माणूस थांबतो म्हणजे घेतली असणार. आयुष्यात चहापलीकडे काही न घेतलेला माणूस, मेल्यावर दारुडा ठरला. मामी कुणाला काही बोलल्या नाहीत. बॅटरी तेवढी त्यांना परत मिळाली. काच फुटलेली, आत सेल नाहीत, बटण मात्र चालूवर अडकलेलं. मामी ती घेऊन याच दुकानात आल्या होत्या. "धातूचं काम करता, एवढं बटण खाली करून द्या, बंदवर. बघवत नाही." काकांनी अंगठ्याने दाबलं, पकडीने दाबलं, तेल सोडून रात्रभर ठेवलं. बटण तसूभर हललं नाही. मामींनी ती तशीच नेऊन दारामागच्या खिळ्याला टांगली.

वर्ष होत आलं आणि सत्काराचं निघालं. दोघांचा सत्कार. भोंग्याचा प्रसंगावधानाबद्दल, मामांचा मरणोत्तर. मामींनी निरोप धाडला, मी काही स्टेजवर येत नाही, द्यायचं ते घरी आणून द्या.

डिसेंबरातला दुसरा बुधवार. अमावास्या-बिमावास्या काही नाही, कॅलेंडरवरचा साधा बुधवार. भोंगा एका पेशंटला घाटावरच्या शहरात, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयात, सोडायला आला होता. ब्रदर पेशंटबरोबर थांबला. परतताना दोन्ही ट्रॉफ्या घ्यायच्या, मामांची वाटेत मामींकडे टाकायची आणि खाली जायचं, एवढं साधं काम. वर्षभर त्याने रात्रपाळ्या बदलून घेतल्या होत्या. घाट तो उजेडातच उतरायचा. पण त्या दिवशी दुकानात उशीर झाला.

काकांनी त्याची ट्रॉफी त्याच्यासमोर धरली. "अक्षरं तपासून घ्या. मागाहून तक्रार चालणार नाही."

"बरोबरच असेल," तो म्हणाला. बघितलंच नाही.

"हे बघा," काका पोरांना म्हणाले, "इतकी वर्षं हा धंदा करतोय. आपलं नाव कोरलेलं बघून माणूस हसतोच. रडका असला तरी हसतो. हा हसला नाही. मी तेव्हाच म्हटलं, या मालात काहीतरी खोट आहे."

सव्वाअकराला त्याने गाडी काढली. घाटमाथ्यावर चांदणं होतं. पहिलं वळण उतरला आणि धुकं लागलं.

दिवे बारीक करून, काच पुसत, तो हळूहळू उतरत होता. गाणं लावलं होतं ते बंद केलं. आणि समोर, खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एक पिवळा ठिपका दिसला.

डावीकडे. उजवीकडे.

त्याला आधी वाटलं, अपघात. त्याने ब्रेक दाबला, सवयीने दार उघडून खाली उतरला. "कोण आहे? किती जण आहेत?"

रस्ता मोकळा. काच नाही, तेल नाही, माणूस नाही. ठिपकाही नाही.

तो परत चढला. पुढचं वळण आलं.

डावीकडे. उजवीकडे.

आता ते हलवणं त्याने ओळखलं. घाई नाही, थांबणं नाही. असं हलवणारा घाटात एकच माणूस होता.

हात आपोआप डिपरच्या दांडीवर गेला. आणि तिथेच थांबला. कारण डिपर दिला तर... आज तो पहिल्यांदा दिला, म्हणजे तेव्हा दिलाच नव्हता, असं होणार होतं. त्याला दुसरं कुणी साक्षीला नव्हतं. तरी त्याचा हात होईना.

त्याने सायरन लावला. धुक्यात तो आवाज चार हातांवर जाऊन मेला. ठिपका हलतच होता. भोंग्याने सायरन बंद केला. एवढी शांतता त्याने कधी ऐकली नव्हती.

तिसरं वळण.

डावीकडे. उजवीकडे.

आता तो थकल्यासारखा हलत होता. कुणीतरी रात्रभर उभं आहे... हात भरून आलाय... तरी खाली घेत नाही. तसा.

पुढे मोठं वळण. पंक्चरचं बंद दुकान. ठिपका रस्त्याच्या मधोमध.

भोंग्याने गाडी थांबवली.

"मामा..."

डावीकडे.

"मामा, जा ना घरी..."

उजवीकडे.

त्याने डोळे मिटले. दांडी ओढली.

दिवे मोठे. दिवे बारीक.

डोळे उघडले तेव्हा ठिपका थांबला होता. थोडा वेळ तसाच. मग खाली आला. विझला.

मागचं दार उघडलं. थंड वारा आत आला. रबर सोल्युशनचा वास. ओल्या लोकरीचा वास. गाडी मागून खचली, माणूस बसल्यावर खचते तेवढी.

दार लागलं.

तो वाट बघत राहिला. मागे वळायची हिंमत नव्हती.

मधल्या पत्र्यावर, हळूच...

टक. टक.

त्याने गाडी चालवली. पहिल्या गिअरमध्ये, खड्डा चुकवत, पेशंट असल्यासारखी. मग त्याने समोर बघत सांगितलं. चहाचं. कप हातात होता त्याचं. आठवूनही झोपलो त्याचं. साहेबांना काय सांगितलं त्याचं.

मागून काही नाही.

"काहीतरी बोला, मामा."

घर आलं. त्याने गाडी उभी केली. गाडी मागून वर उचलली गेली. दार उघडलं, लागलं.

मामी ओट्यावर उभ्या होत्या. अंगाला शाल, हातात दिवा. "गाडीच्या मागच्या दाराचा आवाज आला. कोण होतं बरोबर?"

"कुणी नाही."

त्याने ट्रॉफी पुढे केली. मामींनी घेतली नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. वर्षभर विचारीन म्हणते. डिपर तुम्ही दिला होतात ना? नक्की?"

ट्रॉफी त्याच्या हातात जड झाली. खाली मान घालून तो म्हणाला, "नाही, मामी. आठवला होता. तरी आलो नाही."

मामींनी हातातला दिवा ओट्यावर ठेवला.

"त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं होतं," मामी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "क्षुल्लक. भाजी करपली म्हणून. मी म्हटलं होतं, एवढंच असेल तर राहा तिकडेच. मला वाटलं, डिपर मिळूनही राग धरून घरी आले नाहीत. भोंगा, वर्षभर मी त्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय."

भोंगा तिथेच पायरीवर बसला. शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. मामींनी यातलं काही केलं नाही. मामांची ट्रॉफी त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "उद्या सगळ्यांसमोर सांगा. मला काय, मी एकटी आहे. पण लोक त्यांना दारुडा म्हणतात."

काका थांबले. मेणबत्तीची वात कापली.

"सांगितलं त्याने?" मुलीने विचारलं.

"सांगितलं. माइकवरून. टाळ्या वाजवायला जमलेले लोक हात मांडीवर ठेवून बसले. ज्या बाईला त्याने वाचवलं होतं, ती पुढच्या रांगेत होती. ती खाली बघत होती. त्याच दुपारी तो इथे आला, ही ट्रॉफी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, काका, माझं नाव घासून टाका. मी म्हटलं, कोरलेलं घासून जात नसतं. तेव्हापासून वर ठेवलीय. गाडी अजून तोच चालवतो. सायरन पेशंट असला तरच वाजवतो. आणि मोठ्या वळणावर, दिवस असो, रात्र असो, एकदा डिपर देतो."

बाकावरचा एक मुलगा उगाच हसला. "काका, धुक्यात भास होतात. आणि मनात असलं की जास्तच."

"होतात की," काका म्हणाले. "मीही त्याला तेच म्हटलं."

वीज आली. मशीन घरघरून सुरू झालं आणि चौघंही दचकली. काकांनी मेणबत्ती फुंकली, उरलेली नावं कोरायला घेतली आणि मान वर न करताच बोलले.

"त्या रात्री भोंगा गेल्यावर मामी फोटो सरळ करायला आत गेल्या. दार लावायला म्हणून वळल्या, तर बॅटरी खिळ्यावरच होती. जागची हललेली नव्हती, वर जाळं होतं तेही तसंच. मामींनी मला मुद्दाम बोलावून दाखवली. मी हातात घेऊन बघितली."

त्यांनी मशीन थांबवलं.

"बटण खाली होतं."