भाऊसाहेब जेवत नाहीत

बाई निघाल्या होत्या फक्त एक ब्लँकेट द्यायला. एवढंच काम. सकाळी दहाची वेळ, लख्ख ऊन, भुताबिताचा काही संबंध नाही. हसतोयस? हस. ती खुर्ची जरा जवळ ओढ आणि मोबाइल उलटा ठेव, उजेड डोळ्यांत जातो. आणि मध्ये मध्ये 'पुढे काय, पुढे काय' करायचं नाही. केलंत तर मी उठून झोपायला जाईन, मग बसा एकमेकांची तोंडं बघत.

तर बाई. टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं ऑपरेटर होत्या. आवाज असा, की तणतणत फोन लावलेला माणूससुद्धा शेवटी आभार मानून ठेवायचा. नवरा वारलेला, मुलगा परदेशात. आई एकटी राहते, राखणीला कुत्रा हवा, असं मुलानं तिकडे बसून ठरवलं आणि पिल्लू घरी आलं. काळंभोर, एक कान मोडलेला, आणि चालायचं छाती पुढे काढून, निवडून आल्यासारखं. बाईंनी त्याचं नाव ठेवलं भाऊसाहेब. 'भाऊसाहेब, उठा. भाऊसाहेब, पाय पुसा.' आख्ख्या गल्लीला मजा वाटायची.

सात महिन्यांचे झाल्यावर भाऊसाहेब कुत्रे शिकवणाऱ्या एका मास्तरकडे शिकायला गेले. तीन महिने तिथंच राहायचं होतं. थंडी वाढली म्हणून बाई त्याचं ब्लँकेट घेऊन निघाल्या, आणि न कळवता गेल्या. तिथंच सगळं बिनसलं.

मास्तरला मी चांगला ओळखायचो. मी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर, आणि त्याचे सगळे कुत्रे आमच्याकडेच इंजेक्शनला यायचे. गावाबाहेर पत्र्याची शेड, चौदा पिंजरे. कामाला पक्का. पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही, आणि हाताचा फार वाईट. त्याची एक खासियत होती. त्याच्याकडे शिकलेला कुत्रा परक्याच्या हातचं खायचा नाही. चोरानं मटण टाकू दे, विष घातलेला पेढा टाकू दे, ढुंकून बघायचा नाही. लांबून लोक यायचे त्यासाठी.

हे तो कसं शिकवायचा? खाण्याच्या भांड्याला तार जोडायचा. विजेची. कुत्र्यानं तोंड घातलं की झटका. दहादा, वीसदा, पन्नासदा. मग एक शब्द म्हणायचा आणि तेवढ्या वेळेला झटका बंद ठेवायचा. प्रत्येक कुत्र्याचा शब्द वेगळा. 'खा', 'घे' असले साधे नाहीत, कुणाच्या तोंडून चुकून निघणार नाहीत असे. शिक्षण संपलं की शेवटच्या दिवशी मालकाला बाजूला घ्यायचा आणि कानात तो शब्द सांगायचा. त्याआधी मेला तरी सांगायचा नाही.

बाई पोचल्या तेव्हा भाऊसाहेब भांड्यासमोर बसलेला होता आणि मास्तर त्याला पट्ट्यानं मारत होता. बाईंनी ब्लँकेट खाली टाकलं. इतर दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर त्यांनी मास्तरला सुनावलं. आवाज चढवला नाही हो. तीस वर्षांची सवय. शांतपणे म्हणाल्या, "कुत्रा शिकवायची तुमची लायकी नाही. तुम्हालाच कुणीतरी माणूस व्हायला शिकवायला हवं." ती गिऱ्हाइकं हसली. मास्तरला ते हसणं लागलं. बाई म्हणाल्या, "मी माझा कुत्रा नेते." मास्तरनं स्वतः साखळी सोडून त्यांच्या हातात दिली. म्हणाला, "न्या की. खुशाल न्या."

शब्द सांगितला नाही.

तिसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात आल्या. "भाऊसाहेब जेवत नाहीत हो." डॉक्टरांनी तपासलं. ताप नाही, काही नाही. पाणी प्यायचा. खाण्याचं भांडं ठेवलं की त्याच्यासमोर नीट बसायचा, लाळ टपटप गळायची, आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहायचा. बाई हातानं घास पुढे करायच्या, तर तोंड फिरवायचा. थरथरायचा, पण फिरवायचा.

मला लगेच कळलं. आणि मी गप्प बसलो.

का, ते सांगतो, लपवत नाही. मास्तर माझा मित्र होता आणि मला वाटलं, एक-दोन दिवस रग जिरवेल आणि सांगेल. संध्याकाळी फोन केला त्याला. म्हटलं, सोड ना आता, म्हातारी बाई आहे. तर म्हणाला, "मला माणूस व्हायला शिकवतेय ना? शिकू दे तिलाही." मी फोन ठेवला आणि मूग गिळून बसलो. पाचव्या दिवशी नाही राहवलं. बाईंना सांगितलं, की बाई, एक शब्द असतो.

बाईंनी मास्तरला फोन लावला. मी शेजारी उभा. हात जोडून बोलावं तशा बोलल्या. माफी मागितली. म्हणाल्या, चारचौघांत बोलले, चुकलं माझं. पलीकडून मास्तर म्हणाला, "कसला शब्द बाई? तुम्हाला मारझोड पटत नाही ना? मग प्रेमानं घाला खायला." आणि हसला. मला ऐकू आलं ते हसणं.

डॉक्टरांनी सलाइन लावलं. नळीनं पोटात घातलं, ते त्यानं ओकून टाकलं. मग बाईंनी काय केलं माहितीये? घरातला शब्दकोश काढला. जाडजूड, नवऱ्याचा. भाऊसाहेबासमोर भांडं भरून ठेवलं आणि पहिल्या पानापासून एकेक शब्द वाचायला सुरुवात केली. एक शब्द म्हणायचा, थांबायचं, त्याच्याकडे बघायचं. पुढचा शब्द. प्रत्येक शब्दाला त्याचा चांगला कान उभा राहायचा. आणि पडायचा. रात्रंदिवस चाललं ते. बाईंचा तो आवाज बसला, घोगरा झाला, तरी वाचत होत्या. मी एकदा डबा घेऊन गेलो तर म्हणाल्या, "भावजी, ठेवा तिथं. मध्येच थांबले तर नेमका तोच शब्द राहून जायचा."

अठराव्या दिवशी, रात्री अकरा चाळीसला, भाऊसाहेब गेला. भांड्यासमोर बसलेला होता, बसल्या बसल्याच कलंडला. शब्दकोश निम्माही झाला नव्हता.

आता पाणी दे जरा.

यानंतर बरोबर एक महिन्यानं. मंगळवार होता. मास्तर त्या रात्री शेडवर एकटाच होता. हे मला त्यानं स्वतः सांगितलं, दुसऱ्या दिवशी, दवाखान्याच्या बाकावर बसून. कुत्र्यांचं सगळं आवरून तो उशिरा जेवायला बसला. टेबल, खुर्ची, वर एक बल्ब. ताट वाढून घेतलं. घड्याळ समोरच होतं. अकरा एकोणचाळीस.

चौदाही कुत्रे झोपले होते.

चौदाही उठले.

भुंकलं कुणी नाही. सगळे आपापल्या पिंजऱ्यात नीट बसले. त्यानंच शिकवलं होतं तसे. तोंडं दाराकडे.

मास्तरनं दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. कडी लावलेली.

मग फरशीवर नखं वाजली.

टक. टक. टक.

दारापासून टेबलापर्यंत. हळूहळू. खुर्चीजवळ येऊन थांबली. दिसत काही नव्हतं. गुडघ्यावर गरम श्वास लागला. पँट ओली झाली... लाळेनं.

मास्तर घाबरणारा नव्हता. म्हणाला, "हूट." घास उचलला. तोंडाजवळ नेला आणि...

झटका. दातांतून थेट मेंदूपर्यंत.

घास पडला. पुन्हा उचलला. पुन्हा झटका. तिसऱ्यांदा हात उठेनाच.

हे सांगताना मास्तर हसत होता, "झोप झाली नव्हती रे," म्हणत होता. मी त्याच्यापुढे चहा आणि बिस्किटं ठेवली होती. चहा प्याला. बिस्किटाकडे बघत होता. तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. पण हात लावला नाही.

त्या दिवसापासून मास्तरनं अन्नाचा कण खाल्ला नाही. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, काय काय नाही केलं. रागावून झालं, रडून झालं, लहान मुलासारखं भरवून झालं. तोंड फिरवायचा. मोठ्या इस्पितळात नेलं, सगळ्या तपासण्या केल्या, सगळं चांगलं. नळी घातली तर ओकला. एवढा धिप्पाड माणूस, पण बघता बघता गालफडं बसली. ताट समोर आलं की ताठ बसायचा. आणि ताटाच्या वर कुठंतरी बघत राहायचा. माणसाचं तोंड असेल एवढ्या उंचीवर.

मी एकदा एकट्यात विचारलं, "त्याचा शब्द म्हणून बघितलास?"

"शंभरदा म्हटला," मास्तर म्हणाला. आवाज पार खोल गेला होता. "माझ्या तोंडून म्हटलेला तो ऐकत नाही रे. रोज येतो. त्याच वेळेला. पलंगाला टेकून बसतो. तो आता बाईंचा कुत्रा आहे... त्यांनीच म्हणायला हवा."

मग मी बाईंकडे गेलो. कुठल्या तोंडानं सांगणार? बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शाल घेतली, चपला घातल्या. म्हणाल्या, "चला."

स्कूटरवरून आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. वहिनींनी धावत येऊन बाईंचे पायच धरले. बाईंनी त्यांना उठवलं आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या. मास्तर त्यांच्याकडे बघत होता. कसा बघत होता, ते मी आधी एकदा पाहिलं होतं, बाईंच्याच घरात.

"सांगा," बाई म्हणाल्या.

त्या वाकल्या. मास्तरनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. आजवर माहीत नाही, त्यामुळे विचारू नका.

"नक्की हाच?"

मास्तरनं मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वहिनींनी घाईघाईनं वाटी पुढे आणली, चमचा भरला, तोंडाजवळ धरला. मास्तरनं तोंड उघडलं. आम्ही सगळे बाईंकडे बघायला लागलो.

बाई उठल्या. शाल सारखी केली.

"बाई..." वहिनी म्हणाल्या, "म्हणा ना हो. एकदाच."

बाई म्हणाल्या, "माझा घरी उपाशी बसलाय."

आणि निघाल्या.

मास्तर ओरडलासुद्धा नाही. तोंड तसंच उघडं. चमचा तसाच. मी त्यांच्या मागे धावलो, जिन्यात गाठलं, हात जोडले. म्हटलं, बाई, माणूस मरेल. त्या म्हणाल्या, "मीही हात जोडले होते, भावजी. तुम्ही शेजारीच उभे होतात." आणि मग अगदी सहज विचारलं, "शब्द असतो हे तुम्ही मला कितव्या दिवशी सांगितलंत?"

मी स्कूटर काढली आणि त्यांना घरी सोडलं.

घरात त्यांनी दिवा लावला. खोलीच्या मधोमध त्याचं भांडं होतं. भरलेलं, काठोकाठ, संध्याकाळचं. तेव्हा मला कळलं, की ही बाई रोज भांडं भरत होती. तो गेल्यानंतरही. रोज भरायचं, सकाळी तसंच उचलायचं.

"तुम्ही बाहेर थांबा," म्हणाल्या. दार लावून घेतलं.

मी पायरीवर उभा राहिलो. घड्याळ पाहिलं. अकरा अडतीस. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आत काही आवाज नव्हता.

अकरा चाळीस.

आतून बाईंचा आवाज आला. एकच शब्द. दाराआडून नीट कळला नाही. पण आवाज कळला. घोगरा नव्हता... टेलिफोन ऑफिसातला होता तो. गोड.

मग शांत.

मग... फरशीवर भांडं सरकल्याचा आवाज. सर्र. थोडं थांबून पुन्हा. सर्र. भुकेला कुत्रा खाताना भांडं ढकलत नेतो ना, तसा. आणि चपाचप... चपाचप...

माझ्या खिशात फोन वाजला. वहिनी होत्या. "भावजी, ते गेले हो... तोंड उघडंच राहिलं..." पुढे काही ऐकवेना मला.

दार उघडलं. बाईंनी मला आत घेतलं. त्या रडत होत्या, आणि चेहरा मात्र आनंदानं फुलला होता. मी इतका भ्यायलो नव्हतो कधी, आणि खरं सांगू, इतकं बरंही वाटलं नव्हतं. बाई स्टुलावर बसल्या. हात कोरडे, पदर कोरडा.

भांडं खोलीच्या मधोमध नव्हतं. पार कोपऱ्यात, भिंतीला टेकलं होतं. मी खाली बसलो. आत शीत नव्हतं, आरशासारखं चाटून पुसलेलं. कडेला बोट लावून पाहिलं.

ओलं होतं. कोमट.