बदामीच्या पायपट्ट्या

"ए हत्ती, खरारा हलक्या हाताने फिरव! कढई घासतोयस का?"

टिटवी ओरडली तसे बदामी घोड्यानेही कान टवकारले. अखंड बडबडीमुळे तिला हे नाव पडलं होतं. धाकटा भाऊ काडीपैलवान, म्हणून तो हत्ती! मावसभाऊ सदा पुस्तकात, म्हणून पंडित. सुट्टीत तिघं धाकट्या मावशीकडे आली होती. मावशी जनावरांची डॉक्टर. घोडेस्वारी शाळेतले वीसही घोडे तिच्याच देखरेखीखाली होते.

"बदामीची जात म्हणजे हरहुन्नरी!" पंडित सांगू लागला. "गाडीला जुंपा, डोंगर चढवा, उड्या मारायला लावा, लहान पोरांना पाठीवर बसवा. रुंद छाती, आखूड पाठ, टणक खूर. आणि स्वभाव इतका सोशिक की..."

"गप रे!" टिटवी म्हणाली.

तिचा हात बदामीच्या गुडघ्याखाली गेला होता, आणि घोडा नखशिखांत थरथरला होता. लाथ मात्र त्याने झाडली नाही. तिने हळूच केस बाजूला केले. एका ओळीत गोल गोल जखमा! काही वाळलेल्या, काही ओल्या. त्यांवर माश्या बसत होत्या.

"काटेरी कुंपणाला घासलाय तो," मागून आवाज आला. उड्या शिकवणारा उस्ताद दारात उभा होता. "पुन्हा त्याच्या पायांना हात लावाल तर याद राखा!"

तो गेल्यावर हत्ती कुजबुजला, "पण इथलं कुंपण तर लाकडाचं आहे!"

दुपारी सरावाच्या आधी हत्ती गवताच्या माळ्यावर चढून बसला. उतरला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"बाटल्यांची पत्र्याची झाकणं! धारदार कडा आत करून उस्ताद ती बदामीच्या पायपट्टीत गुंडाळतो. पाय उडीच्या दांडीला लागला की झाकणं मांसात रुततात. म्हणून बदामी एवढा उंच उडतो!"

हे ऐकताच मावशी तडक निघाली. पण तोवर सराव आटोपला होता. पट्ट्या गायब, पाय धुतलेले, आणि 'जखमा कुंपणाच्याच' म्हणत उस्ताद साळसूद चेहऱ्याने उभा. शाळेचा मालक तर हसलाच.

"डॉक्टरबाई, पोरांच्या गप्पांवर घोडा बांधून ठेवू? उद्या पाहुणे येणार आहेत. अशी उडी दुसरा कुठलाच घोडा मारत नाही. आणि ही वानरसेना तबेल्यात नको मला!"

परतताना मावशी चडफडत म्हणाली, "डोळ्यांदेखत सापडल्याशिवाय माझंही कुणी ऐकणार नाही."

मग डोकं चालवलं पंडितने. "ओली पट्टी वाळताना आवळते, पायाचं रक्त अडतं. ती ताबडतोब सोडावीच लागते. मैदानावर शिंपडायची नळी फाटकापाशीच आहे. तो आत शिरतानाच पाय भिजवायचे! मग मावशी कुणाला जुमानणार नाही."

दुसऱ्या दिवशी खुर्च्या भरल्या. उस्ताद बदामीवर बसून फाटकात आला. हत्तीने नळ सोडला. नळीतून थेंबभरही पाणी येईना! एका पाहुण्याच्या मोटारीचं चाक बरोबर नळीवर उभं होतं.

टिटवी धावली. "काका, गाडी पुढे घ्या ना!"

"कार्यक्रम संपू दे," ड्रायव्हरने पेपरातून डोकंही वर केलं नाही.

मागे घंटा वाजली. पहिली उडी झाली. दुसऱ्या उडीला खट्‌कन आवाज झाला. बदामी कण्हला, ते गाडीपर्यंत ऐकू आलं. तिसऱ्या दांडीवरून तो हातभर उंच गेला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! टिटवीने गाडीच्या खिडकीवर थाप मारली.

"काका, नळी फुगलीय! फुटली तर खिडकीतून गाडीला आंघोळ!"

ड्रायव्हर पेपर टाकून गाडी हलवू लागला. पण तोवर पाचही उड्या झाल्या होत्या. उस्ताद ऐटीत फाटकाशी परतत होता. पाणी सुटलं, टिटवीने नळी रोखली आणि बदामीचे पुढचे पाय चिंब केले.

"कार्टे!" उस्तादची छडी सपकन तिच्या मनगटावर बसली. वळ उठला. तिने नळी सोडली नाही.

मावशी केव्हाच पुढे आली होती. "पट्ट्या भिजल्यात. सोडा."

"आत नेऊन सोडतो."

"इथे. आत्ता."

"अरे सोड की, त्यात काय!" मालक पाहुण्यांकडे बघून हसला.

उस्ताद जागचा हलेना. मावशीनेच वाकून गाठ सोडली. पहिला वेढा, दुसरा वेढा... पाणी लाल होऊन ठिबकू लागलं. मग झाकणं फाटकातल्या फरशीवर खणखण सांडली. एकूण अकरा! काहींना केस चिकटलेले होते.

मालकाने उस्तादला तिथल्या तिथे हाकललं. मग टिटवीचा खांदा थोपटत तो मोठ्याने म्हणाला, "शाब्बास! काय धीट पोरं आहेत!"

"आम्ही कालच सांगितलं होतं," टिटवी म्हणाली. "काल ऐकलं असतंत, तर आजच्या पाच उड्या त्याला माराव्या लागल्या नसत्या."

मालकाचा हात खाली आला.

तबेल्यात मावशीने जखमा धुतल्या. "पुन्हा उड्या मारेल का, सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही नसतात तर पाय जाईपर्यंत त्याला उडवलं असतं. मोठ्यांना दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत. मला तुमचा फार अभिमान वाटतो."

मग तिने मलम लावायला घेतलं आणि मऊ, स्वच्छ कापडाची पट्टी उलगडली. ती दिसताच बदामीच्या अंगावर काटा आला. तो मागे सरला नाही, की त्याने दात दाखवले नाहीत. त्याने आपला फाटलेला पाय स्वतःच उचलला आणि मुकाट्याने तिच्यापुढे धरला.